जयंती विशेष : कणांची मोजणी बदलणारे सत्येंद्रनाथ बोस

१ जानेवारीला भिंतीवरचं कॅलेंडर बदलतं. याच तारखेला १८९४ मध्ये कोलकात्यात सत्येंद्रनाथ बोस यांचा जन्म झाला. वडील रेल्वेत नोकरीला, सहा बहिणी आणि हे एकटे भाऊ. प्रेसिडेन्सी कॉलेजात मेघनाद साहा त्यांचे वर्गमित्र होते. १९१५ च्या एम.एस्सी.ला बोस पहिले आले, साहा दुसरे. पुढे दोघांनी मिळून आइन्स्टाइन यांचे सापेक्षतेवरचे जर्मन निबंध इंग्रजीत आणले.

१९२१ मध्ये बोस ढाका विद्यापीठात रीडर म्हणून रुजू झाले. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं-पांढरं. तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचा हा हिशेब प्लांक यांच्या नियमात बसत होता, पण तो नियम सिद्ध करताना जुन्या भौतिकशास्त्राचा आधार घ्यावा लागे. बोस यांना ते खटकत होतं.

त्यांनी मोजणीच बदलली. दोन नाणी उडवली तर चार शक्यता धरतात : दोन्ही छापा, दोन्ही काटा, पहिला छापा-दुसरा काटा आणि त्याच्या उलट. पण नाणी ओळखूच येणार नाहीत इतकी एकसारखी असतील तर? मग शेवटच्या दोन शक्यता एकच ठरतात आणि उरतात तीनच. खरी नाणी असं वागत नाहीत, प्रकाशाचे कण वागतात! असं मोजलं की प्लांक यांचा नियम सरळ हाती येतो.

हा निबंध त्यांनी इंग्लंडच्या एका नियतकालिकाकडे पाठवला, तिथं तो छापला गेला नाही. जून १९२४ मध्ये त्यांनी तो थेट बर्लिनला आइन्स्टाइन यांच्याकडे धाडला. तेव्हा बोस तिशीत, नावावर डॉक्टरेट नाही. आइन्स्टाइन यांनी स्वतः जर्मन भाषांतर करून तो छापून आणला. शिवाय हीच मोजणी अणूंना लावून सांगितलं, की वायू अतिशय थंड केला तर त्यातले असंख्य अणू एकाच अवस्थेत गोळा होतील. हेच बोस-आइन्स्टाइन संघनन.

त्यानंतर बोस दोन वर्षं युरोपात होते. पॅरिसला मादाम क्युरी यांनी त्यांना आधी फ्रेंच शिकून यायला सांगितलं. बोस यांना फ्रेंच येत होतं, पण ते सांगायचा त्यांना संकोच वाटला. ढाक्याला परतल्यावर डॉक्टरेट नसल्याने प्राध्यापकपदाचा प्रश्न आला, तेव्हा आइन्स्टाइन यांची शिफारस कामी आली.

१९४५ मध्ये ते कोलकात्याला परतले. १९४८ मध्ये त्यांनी बंगीय विज्ञान परिषद उभी केली आणि बंगालीतून विज्ञानाचं मासिक सुरू केलं. विज्ञान मातृभाषेत शिकवता येतं, यावर ते शेवटपर्यंत ठाम होते. फावल्या वेळात एसराज वाजवायचे. १९५४ मध्ये पद्मविभूषण मिळालं, नोबेल मात्र नाही. ४ फेब्रुवारी १९७४ रोजी ते गेले.

संघनन बघायला ते राहिले नाहीत. १९९५ मध्ये अमेरिकेत रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या इतके जवळ नेले, की एका अंशाचे कोटी भाग केले तर जेमतेम दोन भाग उरावेत. तिथं संघनन दिसलं आणि २००१ चं नोबेल त्या कामाला गेलं.

आता गंमत चालली आहे चुंबकासारख्या अणूंची. डिस्प्रोसियमचा अणू म्हणजे बारीकसा चुंबकच. लेसरच्या साह्याने असे अणू पातळ थरात कोंडायचे. सगळे चुंबक थराला काटकोनात उभे असले तर शेजारी एकमेकांना ढकलतात. आडवे केले तर एका रांगेतले ओढून घेतात. २०२१ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला या अणूंचे थेंब दोन दिशांत स्फटिकासारखे मांडले गेले, तरी अणू एका थेंबातून दुसऱ्यात विनाघर्षण वाहत होते. म्हणजे पदार्थ घनही आणि प्रवाहीही. २०२४ मध्ये, ढाक्याच्या त्या निबंधाला शंभर वर्षं होताना, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सोडियम-सीझियमच्या रेणूंचंही संघनन झालं. या रेणूंचं एक टोक धन, दुसरं ऋण. त्यामुळे ते एकमेकांना दुरूनच जाणवतात.