विक्रम साराभाई

विक्रम अंबालाल साराभाई (१२ ऑगस्ट १९१९ – ३० डिसेंबर १९७१) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व भारताच्या अवकाश कार्यक्रमाचे प्रवर्तक होते. अहमदाबादच्या एका उद्योगपती घराण्यात त्यांचा जन्म झाला. केंब्रिज येथे शिक्षण व बंगळूरला चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांवर संशोधन केल्यावर १९४७ साली त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली.

१९६२ मध्ये अवकाश संशोधनासाठी राष्ट्रीय समिती नेमली गेली व तिचे अध्यक्षपद साराभाईंकडे आले. पहिला प्रश्न जागेचा होता. चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या आकाशात, सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर, विद्युत्प्रवाहाचा एक अरुंद पट्टा वाहतो. त्याचा अभ्यास बलूनच्या आवाक्याबाहेरचा आणि उपग्रहासाठी फार खालचा. तेथे लहान अग्निबाणच हवेत. म्हणून केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा हे कोळ्यांचे गाव निवडले गेले. स्थळांच्या शोधात एकनाथ चिटणीस या मराठी शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता.

त्या जागेत लोकांची घरे व सेंट मेरी मॅग्डलीन चर्च होते. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले आणि बिशपांनी रविवारच्या प्रार्थनेस जमलेल्या ग्रामस्थांपुढे हा विषय ठेवला, अशी हकिगत अब्दुल कलाम यांनी सांगितली आहे. ग्रामस्थांनी जागा सोडली. चर्चमध्ये कार्यालय व कार्यशाळा थाटण्यात आली आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकी बनावटीचा नायके-अपाचे अग्निबाण तेथून उडाला. गरीब देशाला ही चैन कशाला, असा आक्षेप तेव्हा घेतला जाई. दूरचित्रवाणीद्वारे खेड्यांत शिक्षण, हवामानाचा अंदाज व दूरसंचार ही उद्दिष्टे साराभाईंनी त्यासमोर मांडली.

मात्र त्यासाठी स्वतःचे उपग्रह सोडायचे, तर थुंबा अपुरे होते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते; पूर्वेकडे झेपावणाऱ्या अग्निबाणाला त्या गतीचा, म्हणजे विषुववृत्तानजीक ताशी सुमारे १,६०० किलोमीटरचा, आयता लाभ होतो. पण थुंब्याच्या पूर्वेस दाट वस्तीचा मुलूख. गळून पडणारे टप्पे लोकांवर कोसळण्याचा धोका. समोर खुला समुद्र हवा, म्हणून १९६९ मध्ये बंगालच्या उपसागराकाठचे, आंध्र प्रदेशातील श्रीहरिकोटा हे बेट पसंत करण्यात आले. यानादी आदिवासींची वस्ती तेथेही होती. केंद्राच्या इतिहासात त्यांच्या विस्थापनाची नोंद क्वचितच आढळते.

श्रीहरिकोट्याहून पहिला रोहिणी अग्निबाण ९ ऑक्टोबर १९७१ रोजी सुटला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, थुंब्यापासून जवळच असलेल्या कोवलम येथे साराभाईंचे निधन झाले. १९७२ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. श्रीहरिकोट्याहून भारतीय बनावटीच्या वाहकाने उपग्रह प्रथम कक्षेत पोहोचला तो १८ जुलै १९८० रोजी.