पांगळ्यांची माउली : श्रीमती फातिमा इस्माईल

मार्कलिखित शुभवर्तमानांत एका पक्षाघाती मनुष्याची हकिगत आहे. दारांत गर्दी होती, म्हणून चौघांनीं त्यास छपरावर नेलें आणि छप्पर उघडून खाटेसह प्रभु येशूसमोर सोडलें. बरें करण्याचें सामर्थ्य त्या चौघांच्या ठायीं नव्हतें. वाहून नेण्याचे कष्ट मात्र त्यांनीं केले. अशा वाहून नेणाऱ्यांच्या मालिकेंत मुंबईच्या श्रीमती फातिमा इस्माईल यांचें नांव आदरानें घेतलें पाहिजे. त्यांचा जन्म मुसलमान घराण्यांत झाला होता. परंतु शेजारी कोणास म्हणावें हें चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यानें आपणांस केव्हांच शिकविलें आहे.

फातिमाबाईंचे बंधु उमर सोभानी हे मुंबईंतील गिरणीमालक होत. १९२१ सालीं परदेशी कापडाची सुप्रसिद्ध होळी पेटली, ती त्यांच्याच परळ येथील गिरणीच्या आवारांत. अशा वातावरणांत वाढलेल्या फातिमाबाईंस लोकसेवा नवी नव्हती. परंतु त्यांच्या आयुष्याचें खरें कार्य दुःखाच्या वाटेनें घरांत आलें. त्यांच्या लहानग्या मुलीस पोलिओ झाला.

ह्या रोगाचा विषाणु बहुधा दूषित पाणी व अन्न यांवाटे पोटांत जातो. बाधा झालेल्या सुमारें २०० जणांपैकीं एकाच्याच मज्जारज्जूस तो गांठतो; पण ज्यास गांठतो त्याचे हातपाय लुळे पडतात. ताप उतरल्यावरही संकट टळत नाहीं. स्नायु आखडतात, सांधे वांकडे होतात, पायाची वाढ खुंटते. गेलेली शक्ति परत आणणारें औषध आजही नाहीं. तथापि शेक, व्यायाम, आधाराच्या पट्ट्या आणि प्रसंगीं शस्त्रक्रिया यांच्या योगें मूल पुनः उभें राहूं शकतें. त्या काळीं असे उपचार फार थोड्या ठिकाणीं मिळत. फातिमाबाई मुलीस घेऊन मद्रासेस अस्थिवैद्य डॉ. किणी यांजकडे गेल्या. तेथें मुलीवर उपचार झाले आणि आईस एक विद्या जवळून पाहावयास मिळाली.

आपलें मूल सावरलें म्हणजे बहुतेकांचा शोध संपतो. ह्या मातेचा शोध तेथें सुरू झाला. ज्यांच्यापाशीं प्रवासास पैसा नाहीं, त्यांच्या मुलांनीं जन्मभर सरपटावें काय, हा प्रश्न तिला स्वस्थ बसूं देईना. १९४७ सालीं तिनें पंगु बालकांच्या पुनर्वसनासाठीं संस्था स्थापिली. आरंभीं दवाखाना उसन्या जागेंत होता. पुढें हाजीअली येथें मुलांचें अस्थिरोग रुग्णालय उभें राहिलें. परंतु चालावयास शिकलेलें मूल मोठेपणीं दुसऱ्याच्या दारीं हात पसरणार असेल, तर अर्धेंच काम झालें. म्हणून प्रौढ अपंगांस काम शिकवून रोजगार देणाऱ्या कार्यशाळेचाही पाया तिनें हाजीअलीसच घातला.

१९५८ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. १९७८ सालीं राज्यसभेवर त्यांची नियुक्ति झाली. १९८७ सालीं त्या निवर्तल्या.

भारतांत पोलिओचा शेवटचा रोगी २०११ सालीं आढळला व २०१४ सालीं देश पोलिओमुक्त ठरला. जळगांव-धुळ्याकडील लहान मुलांस हें भय उरलें नाहीं. परंतु पूर्वीं ज्यांचे पाय गेले, ते बंधुभगिनी आज प्रौढ होऊन आपल्यांतच राहतात. अपघातानें, वार्धक्यानें वा पक्षाघातानें घरीं खिळलेलेही आहेत. त्यांच्यापुढें नाणें टाकणें सोपें. त्यांच्यासाठीं मंदिराच्या पायऱ्यांशेजारीं उतरती वाट बांधणें, मिस्सेस येतांना त्यांना गाडींत घेणें, दुकानांत वा शेतावर त्यांना बेतेल असें काम देणें, हें कठीण. धर्मग्रामाचा उत्सव साजरा करतांना, ह्या दिवशीं आपल्यांतील कोण घरींच राहिला, याची चौकशी प्रत्येक कुटुंबानें करावी आणि त्यास आणावयास जावें.