हकीम हाफिज अब्दुल मजीद



वडशाचा उन्हाळा आपणांस नवा नाही. वैशाखात वैनगंगेचे पात्र रोडावते, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागतात. अशा दिवसांत रमजान आला, तर रोजा सोडताना दस्तरखानावर लाल सरबताचा पेला हमखास असतो. तो पेला आपण किती आवडीने रिकामा करतो! पण हे सरबत तयार करणाऱ्या माणसाची माहिती आपल्यापैकी कितीजणांना आहे?

हकीम अब्दुल मजीद यांचा जन्म १८८३ साली पिलिभीत येथे झाला. त्यांनी कुराणशरीफ मुखोद्गत केले, म्हणून ते हाफिज. उर्दू-फारसीचा अभ्यास करून पुढे ते युनानी वैद्यकाकडे वळले. वनौषधींची त्यांना उत्तम पारख होती. १९०६ साली दिल्लीच्या हौज काझी भागात त्यांनी औषधांचे एक लहानसे दुकान काढले आणि त्याला नाव दिले 'हमदर्द', म्हणजे दुसऱ्याच्या दुःखात सहभागी होणारा.

युनानी वैद्यकात अर्काला मोठे स्थान आहे. अर्क कसा निघतो, हे समजणे अवघड नाही. भात शिजताना झाकणाला पाण्याचे थेंब जमतात, ते तुम्ही पाहिलेच असेल. तांब्याच्या देगेत पाणी आणि गुलाबाच्या पाकळ्या घालून ती तापवतात. वाफ नळीवाटे थंड पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात जाते व तेथे तिचे पुन्हा पाणी होते. फुलाचा सुगंध त्या पाण्यात उतरतो. हाच गुलाबाचा अर्क, म्हणजे आपले गुलाबपाणी. केवड्याचा अर्कही असाच काढतात.

दिल्लीच्या उन्हाळ्यात लू लागून माणसे हैराण होत. त्यांना थंडावा मिळावा म्हणून हकीमसाहेबांनी १९०७ साली असे अर्क, वनस्पती आणि फळांचे रस एकत्र करून 'रूह अफजा' हे सरबत तयार केले. कडू काढ्याला तोंड वाकडे करणारे लोकही ते आनंदाने पिऊ लागले. त्याचे रंगीत लेबल छापण्याची सोय तेव्हा दिल्लीत नव्हती. ते आपल्या मुंबईत छापून घेतले गेले.

१९२२ साली, वयाची चाळिशीही उलटली नसताना, हकीमसाहेब अल्लाला प्यारे झाले. थोरला मुलगा अब्दुल हमीद अवघा चौदा वर्षांचा, धाकटा सईद तर अगदीच लहान. दुकान बंद पडते की काय, अशी वेळ आली. परंतु पत्नी राबिया बेगम यांनी धीर सोडला नाही. दुकान काढताना पतीने त्यांचा सल्ला घेतला होता. आता तो भार त्यांनी स्वतः उचलला. मुलगा मोठा होऊन त्याने व्यवसाय वाढविला आणि १९४८ साली हमदर्द वक्फ केले. नफा शिक्षणाकडे व आरोग्याकडे वळला. त्यातूनच उभ्या राहिलेल्या जामिया हमदर्दला १९८९ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

मित्रांनो, अर्क म्हणजे रामबाण औषध नव्हे. सरबतात साखरही पुष्कळ असते. उन्हाने कोणी बेशुद्ध पडल्यास त्याला सावलीत आणून अंग थंड पाण्याने ओले करावे, शुद्धीवर नसताना तोंडात काही ओतू नये आणि ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

पालकांना एकच विनंती. घरचा कर्ता अकाली गेला, तर तुमच्या घरातील राबिया तो संसार पेलू शकेल काय? मुलीची शाळा मध्येच सोडविण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला अवश्य विचारा.