सर आल्बर्ट हॉवर्ड आणि इंदूरचे खत

कापसाची शेवटची वेचणी आटोपली म्हणजे शिवारात ठिकठिकाणी पऱ्हाट्यांचे ढीग दिसू लागतात. काही चुलीत जातात, उरलेल्या बांधावर पेटविल्या जातात. मौद्याच्या आसपासच्या खेड्यांतून शाळेस येणाऱ्या मुलांना हा धूर ठाऊक आहे. ह्याच पऱ्हाट्यांचे काय करावे, ह्या प्रश्नामागे एका विद्वान गृहस्थाने इंदूर येथे सात वर्षे घालविली. ते गृहस्थ म्हणजे सर आल्बर्ट हॉवर्ड होत.

हॉवर्ड ह्यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडात श्रॉपशायर परगण्यातील बिशप्स कॅसल ह्या गावी एका शेतकऱ्याच्या घरी झाला. लंडन व केंब्रिज येथील शिक्षण संपवून ते १८९९ साली वेस्ट इंडीज बेटांत गेले व पिकांवरील बुरशीच्या रोगांचा अभ्यास करू लागले. तेथे एक गोष्ट त्यांच्या मनास सलू लागली. शेतकऱ्यास उपदेश करावयाचा, परंतु तो उपदेश स्वतःच्या शेतात करून पाहावयास आपणापाशी हातभर जमीन नाही! प्रयोगशाळेत बसून सांगितलेल्या शास्त्राविषयीचा हा संशय त्यांच्या मनातून पुढे कधीच गेला नाही.

१९०५ साली ते हिंदुस्थान सरकारचे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून बिहारातील पुसा येथे आले. त्याच वर्षी त्यांचा विवाह गॅब्रिएल मथाई ह्या विदुषीशी झाला. ह्या बाई केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या श्वसनाविषयी व अन्नग्रहणाविषयी संशोधन करून नावाजल्या होत्या. पुसा येथील गव्हाच्या सुधारलेल्या जाती म्हणजे ह्या पतिपत्नींच्या जोडकामाचे फळ होय. हॉवर्डांचे चरित्र सांगताना बाईंचे नाव एका ओळीत उरकण्याची प्रथा पडली आहे. ती मला न्याय्य वाटत नाही.

पुसा येथे हॉवर्डांनी काही एकर जमीन व बैलांच्या जोड्या मागून घेतल्या. भोवतालच्या खेड्यांतील पिके त्यांनी न्याहाळली, तो कसलेही औषध न फवारता ती बहुतेक निरोगी आढळली. तेव्हा ह्या विलायती पंडिताने गावच्या निरक्षर शेतकऱ्यांसच गुरू केले. शेजारच्या रोगट गुरांशी आपले बैल तोंडास तोंड लावीत, तरी त्यांस लाळ-खुरकताची बाधा झाली नाही, असे त्यांनी नमूद करून ठेविले आहे. त्यावरून त्यांनी असा सिद्धान्त बांधिला की, सकस जमिनीत वाढलेले पीक व त्यावर पोसलेले जनावर रोगास सहसा बळी पडत नाही. हा सिद्धान्त शास्त्रज्ञांनी जसाच्या तसा मान्य केलेला नाही, आणि बैलांच्या एका गोठ्यावरून एवढे मोठे अनुमान काढणे योग्यही नव्हे. परंतु जमिनीचा कस टिकविण्यास सेंद्रिय द्रव्य लागते, ह्याविषयी आज कोणाचे दुमत नाही.

पुसा येथे गव्हाचे खाते निराळे, किडींचे निराळे, मातीचे निराळे. ह्या वाटणीस कंटाळून हॉवर्डांनी स्वतंत्र संस्थेचा ध्यास घेतला. १९२४ साली होळकरांच्या इंदूर संस्थानात तीनशे एकर जमिनीवर ती उभी राहिली. काम मुख्यतः कापसाचे होते, आणि कापूस म्हटला की पऱ्हाट्या आल्याच. त्या इतक्या टणक, की नुसत्या पुरल्या तर लवकर कुजावयाच्या नाहीत. हॉवर्डांनी त्या वाटेवर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चेंगरविल्या. मग पाने, तण, पाचट ह्यांत मिसळून बैलांच्या पायांखाली अंथरल्या. गोठ्यातील मुताने भिजलेली माती, थोडी राख, शेणाचा काला व आधीच्या खड्ड्यातील बुरशी आलेले खत, एवढे विरजण मिळाले की काम सुरू होई.

खड्डा तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि खोली मात्र दोन-तीन फुटांचीच. कारण हवा आपण होऊन दीड-दोन फुटांच्या खाली शिरत नाही, आणि ढीग कुजविणारे सूक्ष्म जीव हवेवाचून गुदमरतात. म्हणून तीन महिन्यांत तीन वेळा ढीग उलथावयाचा व पाणी बेताने शिंपावयाचे. प्रथम बुरशी टणक भाग खाते, मागून जंतू येऊन उरलेले काम पुरे करितात. काडीकचऱ्यात कार्बन उदंड आणि नायट्रोजन थोडा. नायट्रोजनच्या एका भागास कार्बनचे सुमारे तेहतीस भाग, असे मिश्रण आरंभी साधावे व ते सुमारे दहा भागांवर यावे, हे मोजमाप तेथे बसविण्यात आले. खत चीनच्या शेतकऱ्यांनी हॉवर्डांच्या कितीतरी शतके आधी केले होते. नवे होते ते हे मोजमाप, आणि विकत काहीच न घेता गरिबासही जमेल अशी रीत. पाच भाकरींच्या कथेत पाच हजारांची तृप्ती सर्वांच्या लक्षात राहते, तुकड्यांच्या बारा टोपल्या उचलणारे हात कोणास आठवत नाहीत. इंदूरच्या त्या खड्ड्यांवर राबलेल्या मजुरांविषयी मला तसेच वाटते.

ह्या कामातील रसायनशास्त्राचा भार यशवंत वाड ह्यांनी उचलिला. १९३१ साली शेतातील टाकाऊ पदार्थांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावर हॉवर्ड व वाड अशी दोन्ही नावे आहेत. साहेबी अमदानीत वरिष्ठाने हाताखालच्या देशी माणसाचे नाव आपल्या नावाशेजारी छापावे, हे नित्याचे नव्हते. त्या ग्रंथापूर्वीच, १९३० साली, गॅब्रिएलबाई जिनीव्हा येथे निवर्तल्या होत्या.

हॉवर्ड १९३१ साली इंग्लंडास परतले. इंदूरची रीत केनियातील कॉफीच्या आणि हिंदुस्थान व सिलोनमधील चहाच्या मळ्यांत पसरली. १९३४ साली त्यांस सर ही पदवी मिळाली. रासायनिक खतांविरुद्ध त्यांनी अखेरपर्यंत कडवा वाद घातला. त्यात त्यांचा हट्ट बराच होता. आजचे कृषितज्ज्ञ शेणखतासोबत माती तपासून बेताने रासायनिक खत द्यावयास सांगतात. २० ऑक्टोबर १९४७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

वाड मात्र इंदुरात काम करीतच राहिले. शहराचा केरकचरा व मैला ह्याच रीतीने कुजविता येतो, हे त्यांनी जॅक्सन ह्या सहकाऱ्याबरोबर १९३४ साली पुस्तकरूपाने मांडिले. पुढे आपल्या विदर्भातच पुसद येथील नारायण देवराव पांढरीपांडे ह्यांनी खड्ड्याऐवजी भोके ठेवलेल्या विटांचे टाके बांधिले, म्हणजे हवा चहूबाजूंनी आत जाते व ढीग उलथण्याचे कष्ट वाचतात. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्या खतास नाडेप म्हणतात.