ॲना स्यूएल

ॲना स्यूएल (३० मार्च, १८२० – २५ एप्रिल, १८७८) या इंग्लिश लेखिका होत्या. त्यांचा जन्म नॉरफोकमधील ग्रेट यार्मथ येथे क्वेकर पंथीय कुटुंबात झाला. चौदाव्या वर्षी पडून घोट्यांना झालेली दुखापत कधीच पुरती बरी झाली नाही. चालणे अवघड झाल्याने घोडागाडी हाच त्यांचा आधार ठरला.

‘ब्लॅक ब्यूटी’ ही त्यांची एकमेव कादंबरी. १८७१ ते १८७७ या आजारपणाच्या काळात ती लिहिली गेली. लिहिणे अशक्य झाले की त्या मजकूर सांगत व आई मेरी तो उतरवून घेत. आज हे पुस्तक बालसाहित्यात मोडते. मूळ हेतू मात्र घोडे सांभाळणाऱ्यांना दयेने वागण्यास शिकविण्याचा होता. कथा घोडाच सांगतो. त्या काळी डौल दिसावा म्हणून गाडीच्या घोड्याची मान ‘बेअरिंग रेन’ नावाच्या आखूड लगामाने वर ताणून ठेवीत. त्यामुळे श्वास कोंडे आणि चढावर मान खाली घालून जोर लावता येत नसे. कादंबरीत या प्रथेवर कठोर टीका आहे. भाड्याच्या गाडीवाल्यांना मात्र त्या सरसकट दोषी धरीत नाहीत. गाडीमालकाचे भाडे भागविण्यासाठी घोड्याला राबवावे लागते, हेही त्या दाखवितात.

नोव्हेंबर १८७७ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. पाच महिन्यांनी ओल्ड कॅटन येथे त्यांचे निधन झाले. १८९० मध्ये जॉर्ज एंजेल यांनी ते अमेरिकेत छापून मोठ्या प्रमाणावर वाटले.