विष्णुशास्त्री : लेखणी आणि चित्रशाळा

परकी सत्ता केवळ फौज आणि महसूल यांच्या बळावर टिकत नाही. जित लोक स्वतःकडे जेत्यांच्या डोळ्यांनी पाहू लागतात, तेव्हाच ती खऱ्या अर्थाने स्थिरावते. एकोणिसाव्या शतकात हे मर्म ज्यांनी ओळखले, त्यांत विष्णुशास्त्री चिपळूणकर अग्रभागी होते.

२० मे १८५० रोजी पुण्यात त्यांचा जन्म झाला. वडील कृष्णशास्त्री हे नामांकित विद्वान आणि सरकारी सेवेतील अधिकारी. स्वतः विष्णुशास्त्रीही १८७२ साली बी. ए. झाल्यावर पुढे सरकारी शाळेत शिक्षक झाले. ज्या शिक्षणातून इंग्रजी राज्याचा गौरव रुजवला जात होता, त्याच शिक्षणाच्या पगारावर त्यांचा चरितार्थ चालत होता. तरीही जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. तिचे ८४ अंक निघाले आणि त्यांतील बहुतेक सर्व मजकूर त्यांनी एकहाती लिहिला.

हिंदुस्थानचा इतिहास लिहिणाऱ्या इंग्रज ग्रंथकारांच्या निःपक्षपातीपणाबद्दल त्यांनी ‘मालेत’ सडेतोड शंका उपस्थित केल्या. मौज अशी की, या लेखनातील आवेश आणि डौल यांवर मेकॉलेच्या इंग्रजी गद्याची छाप होती. जेत्यांचे वाङ्मय त्यांनी नाकारले नाही. ते पचवून त्याचेच शस्त्र केले.

तथापि, निबंध वाचणारा वर्ग मूठभर होता. १८७८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी देशी भाषांतील वृत्तपत्रांना वेसण घालणारा कायदा केला. त्याच वर्षी पुण्यात सहकाऱ्यांसह विष्णुशास्त्र्यांनी ‘चित्रशाळा’ उभी केली. शिळाप्रेसवर छापलेली रामपंचायतनाची आणि नाना फडणविसांसारख्या ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे तेथून बाहेर पडू लागली. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही भिंतीवरचे चित्र वाचता येते. पेशवाई बुडून साठ वर्षे लोटली असताना तिचा मुत्सद्दी देवादिकांच्या शेजारी घरात येऊन बसला, ही घटना साधी नव्हती.

१८७९ साली त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. पुढील दोन वर्षांत टिळक, आगरकर आदी सहकाऱ्यांसमवेत न्यू इंग्लिश स्कूल, आर्यभूषण छापखाना, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही कामे उभी राहिली. विचार स्वतंत्र राहायचा असेल तर शाळा, छापखाना आणि पत्रेही स्वतःच्या मालकीची हवीत, हा यामागील व्यवहार होता. ‘आमच्या देशाची स्थिती’ या अखेरच्या निबंधात त्यांनी देशाच्या अवनतीचा संबंध सरळ पारतंत्र्याशी जोडला. हा निबंध सरकारला इतका झोंबला की, लेखकाच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी तो जप्त करण्यात आला.

या कार्याला एक मोठी मर्यादाही आहे. ‘गुलामगिरी’ लिहून देशातल्या देशात चाललेल्या दास्याकडे बोट दाखवणाऱ्या जोतीराव फुल्यांची विष्णुशास्त्र्यांनी हेटाळणी केली. त्यांच्या मराठीच्या अशुद्धतेची टवाळी केली. इंग्रज ग्रंथकारांचा अहंकार ज्यांना अचूक दिसला, त्यांना स्वतःच्या वर्णाचा अहंकार दिसला नाही. स्वत्वाची भाषा केली, पण ते स्वत्व कोणाकोणाचे, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

१७ मार्च १८८२ रोजी, वयाची बत्तीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्यांचे निधन झाले. न्यूनगंडाने ग्रासलेल्या सुशिक्षित पिढीला त्यांनी ताठ मानेने उभे राहण्यास शिकवले, हे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु त्यांचे चरित्र वाचताना फुल्यांचा प्रश्नही शेजारी ठेवावा लागतो. साम्राज्याला आव्हान देणारे वाङ्मय घरातील विषमतेकडे पाठ फिरवते, तेव्हा त्याची लढाई अर्धीच राहते.