कार्ल गॉच : खऱ्या डावांचा आग्रह धरणारा कुस्तीगुरू

व्यावसायिक कुस्तीत निकाल बहुधा आधीच ठरलेला असतो आणि मल्ल नटाप्रमाणे आपली भूमिका वठवतात, हे आता सर्वश्रुत आहे. या करमणुकीच्या व्यवसायात राहूनही डाव मात्र खराच हवा, असा हट्ट आयुष्यभर धरणारे मल्ल म्हणजे कार्ल गॉच. अमेरिकेत हा हट्ट त्यांच्या उत्कर्षाच्या आड आला. जपानने त्याच हट्टासाठी त्यांना 'कुस्तीचा देव' मानले.

गॉच यांचा जन्म ३ ऑगस्ट १९२४ रोजी बेल्जियममधील अँटवर्प येथे झाला. त्यांचे मूळ नाव चार्ल्स इस्ताझ. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी ग्रीको-रोमन आणि फ्रीस्टाइल या दोन्ही प्रकारांत बेल्जियमचे प्रतिनिधित्व केले. याच स्पर्धेत आपले खाशाबा जाधव फ्लायवेट गटात सहावे आले होते.

ऑलिंपिकनंतर गॉच इंग्लंडमधील विगन या खाणकामगारांच्या गावी बिली रायली यांच्या आखाड्यात दाखल झाले. 'कॅच' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेथील कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला चीतपट करता येत असे, तसेच हातापायांचे सांधे पिळून त्याला हार मानायलाही लावता येत असे. ही विद्या पुढे त्यांची आयुष्यभराची पुंजी ठरली.

१९५९ साली ते अमेरिकेत गेले आणि विसाव्या शतकाच्या आरंभीचे विख्यात मल्ल फ्रँक गॉच यांच्या स्मरणार्थ त्यांनी 'गॉच' हे नाव धारण केले. त्यांचे कौशल्य वादातीत होते. परंतु तेथील प्रेक्षकांना आवेशपूर्ण भाषणे आणि भडक अभिनय हवा असे. गॉच यांना तो मान्य नव्हता. हवाई येथे राहत असताना या असामान्य मल्लाला काही काळ कचरा गोळा करण्याचे काम करून चरितार्थ चालवावा लागला.

जपानमध्ये मात्र चित्र वेगळे होते. १९६१ साली ते तेथे प्रथम गेले. प्रतिस्पर्ध्याच्या कमरेला मागून मिठी घालून, स्वतःच्या शरीराची कमान करीत त्याला मागे फेकण्याचा त्यांचा डाव तेथे 'जर्मन सुप्लेक्स' या नावाने लोकप्रिय झाला. ६ मार्च १९७२ रोजी अंतोनिओ इनोकी यांच्या 'न्यू जपान' या संस्थेचा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा मुख्य लढतीत गॉच यांनीच इनोकी यांना हरवले.

त्यांची खरी कामगिरी गुरू म्हणून झाली. त्यांच्या व्यायामपद्धतीत भारतीय आखाड्यातील जोर, बैठका आणि मुद्गल यांना मानाचे स्थान होते. पत्त्यांचा कॅट पिसून, निघेल त्या पानानुसार जोर-बैठका काढण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. १ जानेवारी १९८२ रोजी आपले शिष्य योशिआकी फुजिवारा यांच्याशी ते अखेरची लढत खेळले.

१९८४ साली जपानमध्ये 'यूडब्ल्यूएफ' ही संस्था उभी राहिली. फुजिवारा, अकिरा माएदा आणि सातोरू सायामा हे गॉच यांचे शिष्य तिचे आधारस्तंभ होते. दोरांवरून उड्या मारण्यासारखे चमत्कार या लढतींतून वगळण्यात आले. पकडी, सांध्यांचे डाव आणि लाथा यांवर भर देण्यात आला. हार मानणे किंवा बेशुद्ध पडणे हाच मुख्यतः शेवट असे. निकाल तेथेही बहुधा ठरलेलेच होते. तरीही डाव इतके अस्सल असत, की प्रेक्षकांना खऱ्या द्वंद्वाची ओढ लागली. सायामा यांनी 'शूतो' हा स्वतंत्र क्रीडाप्रकार घडवला. १९९३ साली मासाकात्सु फुनाकी आणि मिनोरू सुझुकी यांनी 'पॅनक्रेस' स्थापन केली. हे नाव गॉच यांनीच सुचवले होते आणि तेथील लढती बहुतांशी खऱ्या होत्या. आधुनिक मिश्र युद्धकलेचा एक उगम अशा रीतीने या आखाड्यात सापडतो. २०२० साली स्थापन झालेल्या 'ग्लीट' या जपानी संस्थेनेही 'लिडेट यूडब्ल्यूएफ' या नावाने याच पद्धतीच्या लढती भरवल्या.

२८ जुलै २००७ रोजी फ्लोरिडातील टँपा येथे वयाच्या ८२ व्या वर्षी गॉच यांचे निधन झाले. दहा वर्षांनी, २०१७ साली, तोक्योतील मिनामी-सेन्जू भागातील एकोइन मंदिरात त्यांच्या अस्थी ठेवून स्मारक उभारण्यात आले. जन्माने बेल्जियमचा आणि वास्तव्याने अमेरिकेचा असलेला हा मल्ल अखेर शिष्यांच्या देशात विसावला.